बातमीवरचं नाव

मेरेआना एकोणीस वर्षं ऑकलंडच्या एका मोठ्या वर्तमानपत्रात घासत होती. तिथे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी, दुसरं कुणी बातमीदार नव्हतं. तुरुंग, टोळीयुद्ध, मारहाण, आडनाव माओरी दिसलं की संपादक ग्रॅहम हाक मारायचा, "मेरे, तुमच्यातलं प्रकरण आहे बघ." चाळीस वर्षं शाळेत शिकवणाऱ्या माओरी मास्तरांवर मात्र एक ओळ छापून येईल तर शपथ!

असा एक मास्तर तिचा काकाच होता, तामाती. तो गेला तेव्हा ग्रॅहमने चक्क अर्धं पान देऊ केलं. "पाचच्या आत मजकूर आणि फोटो पाठव. नाहीतर त्याचा अटकेचा फोटो आहेच आपल्याकडे." नदीचं पाणी विकायला विरोध म्हणून काका रस्त्यात बसला होता, पोलिसांनी उचलला होता, तो फोटो. मजकूर तिने वाटेतूनच पाठवून दिला, राहिला होता फक्त चांगला फोटो. अटकेचा छापू द्यायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

गावी मराएच्या, म्हणजे माओरींच्या सामाईक सभाघराच्या, फाटकाशी पाहुणे ताटकळले होते. आतल्या बायकांनी सूर लावून हाक दिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. शहरातून आलेल्या घरच्यांनीसुद्धा. साडेचार झाले होते. छायाचित्रकार नीलला ओढत ती मागच्या स्वयंपाकघरातून शिरली, ती थेट शवपेटीपाशी. पायथ्याशी काकाचा शाळेतला हसरा फोटो मांडला होता. नीलने कॅमेरा उचलला.

"ए, ठेव ते खाली!" पेटीजवळ काळ्या कपड्यांत बसलेली हुरिया काकू कडाडली. "हाक कुणी दिली गं तुला?"

"काकू, वेळ नाहीये गं. पाचच्या आत..."

"याला कसली घाई नाहीये." काकूने पेटीवर हात ठेवला. "फाटकातून आली असतीस तर हा फोटो मी स्वतः उचलून हातात दिला असता. चोरवाटेने येणाऱ्यांना इथलं काही मिळत नाही. जा, बाहेर उभी राहा."

मेरेआनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. हाक येईपर्यंत पाच वाजून गेले आणि खिशातला फोन वाजला.

"अटकेचाच लावतोय," ग्रॅहम म्हणाला.

"मग माझं नाव काढ त्यावरून!"

"बरं, काढलं." त्याला एक क्षणही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी अंक आणला. दंड पिरगळलेला काका, अर्धं पान भरून. मेरेआना घाईघाईने म्हणाली, "मी माझं नाव काढायला लावलं, काकू. असल्या पानावर नको म्हटलं." काकू पाठीवर हात फिरवेल असं तिला वाटत होतं.

काकूने पान खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अगं वेडे, तुझा काका बातमी कुठे वाचायचा? आधी तुझं नाव शोधायचा आणि सगळ्या गल्लीला दाखवायचा. हा फोटो आम्ही गिळू, सवय आहे. पण त्या अख्ख्या कागदात आपलं एकच माणूस होतं, पोरी. तेही तूच बाहेर काढलंस."