मंगळावरच्या गाडीला हाका

संध्याकाळी टीव्हीवर मंगळावरच्या एका गाडीची बातमी लागली होती. तीन महिने चालेल म्हणून पाठवलेली ती गाडी कित्येक वर्षं चालली आणि मग धुळीच्या वादळात गप्प झाली. तरी इथली माणसं महिनोन्‌महिने तिला संदेश पाठवत राहिली.

"बंद पडलेल्या यंत्रावर केवढा हा खर्च!" मी बायकोला म्हणालो.

शेजारी बसलेल्या आईला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तिच्या कानाच्या मशीनची किंमत ऐकून, या वयात आता कशाला, म्हणत आम्ही गेल्याच आठवड्यात दुकानातून परतलो होतो. एकच वाक्य तीनदा सांगायचा कंटाळा येतो, म्हणून हल्ली घरात तिच्याशी कुणी फारसं बोलतही नाही.

"काय झालं रे त्या गाडीला?" टीव्हीवरच्या चित्राकडे बोट दाखवत तिनं विचारलं.

मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. जिथं ऐकायलाच कुणी नाही तिथं रोज हाक मारायला किती माया लागत असेल, असं सांगता सांगता माझ्याच मनात आलं.

"मग दिलं तिनं उत्तर?"

"नाही."

"तरी हाका मारत होते?"

"हो."

"चांगली माणसं आहेत," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मला तिच्याकडे बघवेना, आणि तिथून उठवेनाही.