राजानं विहीर ठेवायला पाहिजे होती

मेहकरची एस.टी. सुटायच्या बेतात होती, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं, आणि बाबा खिडकीखाली उभे राहून मला भलतंच विचारत होते.

"कमे, त्या राजाचं शेवटी काय झालं? तू सांगतलंच नाही."

घ्या! पोरगी पहिल्यांदा घर सोडून अमरावतीला कॉलेजात चालली, लोणारच्या स्टँडवर अर्धी आळी जमली, आणि या माणसाला राजाची पडली! इतर बाप अशा वेळी जेवत जा, जपून राहा असं काहीतरी म्हणतात. त्या गोष्टीचा शेवट मी मुद्दाम सांगितला नव्हता. "दिवाळीत आल्यावर सांगते, बाबा," मी म्हणाले. "हाव. पण सांगजो," ते म्हणाले आणि मागे सरकले. माय त्यांच्यापासून बरीच लांब, कडेवर किसनदादाचं लेकरू घेऊन उभी होती. नवरा-बायको त्या दिवशी मला पोचवायला दोन वेगळ्या ठिकाणांहून आले होते. माझे दोन्ही भाऊ तर आलेच नाहीत.

भाच्यांनो, तुम्ही मला फोनवर नेहमी विचारता की आत्या, आजा आणि आजी वेगवेगळे काऊन राहत होते. आणि हॉस्टेलातल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारायचात की हिला बापाचं पत्र आलं की ही रडते का. तुम्हा सगळ्यांना एकदाच सांगून टाकते.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आमच्या शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मात्र जुनाच होता आणि त्यात आम्ही अजून मध्य प्रदेशात होतो. वर्गात मुली फक्त चार. इंग्रजीला दिगंबर सर होते. सुलतानपूरला खोली करून राहायचे आणि रोज सायकलने लोणारला यायचे. आमच्या पुस्तकात एका जुन्या इंग्रजी शोकांतिकेची गोष्ट पान-दोन पानांत उरकली होती. सरांना ते काही पटलं नाही. त्यांनी कुठून तरी मूळ नाटक आणलं, रोज थोडं वाचायचे, मग मराठीत समजावून सांगायचे आणि एकेकाला उभं करून संवाद म्हणायला लावायचे.

गोष्ट अशी. एक म्हातारा राजा राज्याचे वाटे करायला बसतो. भर दरबारात तीन मुलींना विचारतो, कोणाचा माझ्यावर जास्त जीव आहे? थोरल्या दोघी नुसती साखर पेरतात. धाकटी म्हणते, मला असं बोलून दाखवता येत नाही. राजा भडकतो आणि तिला हाकलून देतो. धाकटीचे संवाद सरांनी मला दिले होते.

वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, चूक कोणाची? त्यांना वाटलं, पोरं म्हणतील राजाची किंवा गोडबोल्या मुलींची. पण आम्ही सगळी शेतकऱ्यांची लेकरं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पंच कुठं होते?" दुसरा म्हणाला, "वाटे राजानंच केले अन् राजानंच देले? असं कुठं असते का बे!" आमच्याकडे वाटणीची रीत ठरलेली. थोरला भाऊ वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. म्हणजे थोरला आपोआप सरळ वागतो, कारण वाईट वाटा त्याच्याच गळ्यात पडायचा. "त्या धाकटीले आधी उचलू द्या लागत होतं, सर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. सर डोक्याला हात लावून बसले आणि मग खो खो हसले.

मी हसले नाही. कारण आमच्या घरात तेव्हा वाटणीचंच चाललं होतं.

आमचा भाजीपाल्याचा मळा. तळ्याचं पाणी खारं, आसपासच्या कितीक विहिरी मचूळ, पण आमच्या विहिरीचं पाणी गोड. वांगी, मेथी, कांदा, सगळा संसार त्या एका विहिरीवर. किसनदादा आणि महादूदादा, दोघांची लग्नं झालेली, दोघांना आपापलं वेगळं पाहिजे होतं. रीतीप्रमाणे बिनलग्नाच्या बहिणीच्या लग्नाचा खर्च वाटणीच्या आधी सामाईकातून काढायचा. म्हणून दोघांचं ठरलं की आधी कमलला उजवून टाकू, मग वाटे. मेहकरकडचं एक स्थळही बघून ठेवलं होतं. माझी मॅट्रिक, पुढचं कॉलेज, सगळं त्या वाटणीच्या दारात अडकलं होतं. मला रात्रंदिवस तेच दिसायचं.

शाळेतून आले की मी मळ्यात जायची. बाबा मोट हाकायचे, मी पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायची. काम करता करता मी त्यांना नाटक सांगायला लागले. पहिल्या दिवशी सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनीच विचारलं, "मंग? काय झालं त्या बुढ्याचं?" राजा थोरलीकडे राहायला गेला, तिने त्याचे शिपाई कमी केले. दुसरीकडे गेला, तिनेही तेच. बाबांनी बैल थांबवले.

"येडा हाय तो राजा. शिपाई कायले ठेवले? शिपायायले तं खाऊ घाला लागते. विहीर ठेवाची ना हातात!"

"बाबा, ते राजे लोक. त्यांच्याकडे विहीर नसते."

"विहीर नाही तं कायचा राजा!"

पुढे राजा वादळवाऱ्यात उघड्यावर पडतो, ते मी सांगितलं तेव्हा बाबांची मोट तशीच लोंबकळत राहिली. मला वाटलं, आता थांबावं. शेवट तर मी सांगणारच नव्हते. धाकटी बापासाठी परत येते, बापलेकीची भेट होते, आणि मग तिला फाशी देतात. राजा तिचं प्रेत हातांवर घेऊन येतो आणि तिथेच जीव सोडतो. हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

घरात हे कळायला वेळ लागला नाही. "ही पोट्टी इंग्रजी नाटकं सांगून बाबाचे कान भरून राह्यली," किसनदादा मायजवळ बोलला. महादूदादाने तर माझं दप्तरच फेकलं. दोन्ही वहिन्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. सगळ्यांनाच वाटत होतं की काहीतरी होणार आणि ते माझ्यावरच येणार.

संक्रांत झाली आणि पंच बसले. आमच्या ओसरीत गावातली तीन वडीलधारी माणसं, मधे बाबा, एका बाजूला किसनदादा, दुसऱ्या बाजूला महादूदादा. मी आणि माय आतल्या दाराशी. माझं स्थळ पक्कं व्हायचं होतं, पण बाबाच म्हणाले होते, पंच बसू द्या, सगळं एकदाच बोलू. किसनदादाने वाटे सांगितले. महादूदादा उचलणार, एवढ्यात बाबांनी हात वर केला.

"थांब. आधी सांगा, मले कोण पोसन?"

काय सांगू! दोघांच्या तोंडात एकदम साखर आली. किसनदादा म्हणाला, "बाबा, तुमच्या आधी मी घास नाही खाणार." महादूदादा म्हणाला, "मी तुमाले तळहातावर ठेवीन." त्याची बायको आतून पदर सावरून मान हलवत होती. वर्गातलं नाटक उठून आमच्या ओसरीत येऊन बसलं होतं. आणि मग बाबांनी दाराकडे पाहून हाक मारली.

"कमे, बाहेर ये."

पंचांसमोर पोरीला बोलावत नाहीत. एक म्हातारे पंच चुळबुळले. मी बाहेर आले.

"तू सांग. तू माह्यासाठी काय करशील?"

दोन शब्द गोड बोलले असते तर काय बिघडलं असतं? वर्गात धाकटीचे संवाद म्हणताना मलाही तिच्याबद्दल हेच वाटलं होतं. किसनदादा माझ्याकडे असा बघत होता की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर गळाच धरेल. मायने मागून माझी वेणी ओढली. मला खोटं बोलायचं होतं, खरंच बोलायचं होतं, पण ते तोंडातून निघेचना.

"मी काय करणार, बाबा," मी म्हणाले. "मले शिकाचं हाय. मी तं इथं नसनच."

महादूदादा ओरडला, "पाह्यलं? पाह्यलं का? हे शिकवते शाळा! बापाले तोंडावर सांगते, मी नसन म्हणून!" बाबांचा चेहरा दगडासारखा झाला होता. मला वाटलं, आता हाकलतात. आता म्हणतात, चाल, मेहकरले दे हिले उद्याच्या उद्या. ते माझ्याकडे बघत राहिले.

मग ते पंचांकडे वळले. "वाटे उचला. वावर दोघाचं. विहीर वाट्यात नाही. विहीर अन् तिच्यापाशीचे वाफे माहे, मी जितो तवर. पाणी दोघायलेबी पाळीनं देईन. अन् हिच्या लग्नाचं काढू नका. ही शिकन. तिच्या शिक्षणाचं विहिरीवर भागन."

तुम्हाला वाटेल, वा! जिंकलो! तसं काही झालं नाही. वाटणी झाली आणि भाऊ बाबांशी बोलायचे थांबले. विहीर ज्याची, त्याने पोसून घ्यावं स्वतःला, असं किसनदादा म्हणाला. माय नातवंडांना सोडून राहीना, ती किसनदादाकडे गेली. बाबा मळ्यातल्या झोपडीत गेले, हाताने भाकरी थापायला लागले. त्या उन्हाळ्यात रागाच्या भरात त्यांनी महादूदादाची पाण्याची पाळी चुकवली आणि त्याचा कांदा करपला. बाबा काही देवमाणूस नव्हते. मायने मला मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी पेढ्याऐवजी एकच वाक्य दिलं, "तुह्या शाळेनं माहा संसार दोन जागी केला." ते वाक्य मी अमरावतीला नेलं, पुण्याला नेलं, अजून माझ्यापाशी आहे.

दिवाळीला परत आले तेव्हा झोपडीसमोर बसून बाबांनी आठवणीने विचारलं, "मंग? राजाचं?"

"धाकटी परत आली, बाबा. बापासाठी आली. दोघं भेटले."

"अन् मंग?"

"मंग काय. भेटले. संपलं."

"मंग बरं झालं," बाबा म्हणाले आणि चुलीत काडी सरकवली.

पुढे मी पुण्यात एका शाळेत इंग्रजीची बाई झाले. पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये मी "मले चहा नको" म्हणाले आणि सगळ्या जणी पोट धरधरून हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आता फ्लॅट आहे, गॅस आहे, सोसायटीच्या टाकीत रोज ठरल्या वेळी पाणी येतं आणि कोणी कोणाची पाळी चुकवत नाही. माझी मुलं मला "मम्मी, असं नको बोलूस ना" म्हणून टोकतात. तेच नाटक मी वरच्या वर्गांना शिकवत आले. पुण्याच्या मुलांना वाटे पाडणं कळत नाही. ती लगेच म्हणतात, चूक राजाची. माझी चिडचिड होते. अरे, एवढं सोपं असतं का ते!

बाबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचले नाही. विहीर मग दोघा भावांत सामाईक झाली, मोटर बसली. राग विरायला वर्षं गेली. आता किसनदादाही नाही. मागच्या उन्हाळ्यात मी लोणारला आले होते तेव्हा महादूदादा, आता पार म्हातारा, मला विहिरीवर घेऊन गेला. मी बोलता बोलता म्हणाले, "बाबाले मी त्या नाटकाचा शेवट खोटा सांगितला होता, दादा."

महादूदादा माझ्याकडे बघायला लागला. "कोण म्हणते खोटा? बाबाले माहीत होतं सारं."

"काय?"

"वाटणीच्या आधी मी अन् बाबा सुलतानपूरच्या बाजारात गाडी घेऊन गेलो होतो. तुहे ते सर वांगे घ्याले आले. बाबानं त्याइले इचारलं, शेवटी काय होते, पोरगी सांगत नाही. सरानं सांगतलं. पोरगी मरते, बापाच्या हातावर. कमे, मी गाडीवरच बसून होतो. बाबानं वांगे तसेच देले, पैसे घेतले नाही. अन् लोणार येऊस्तोवर एक शब्द बोलले नाही. मी म्हणलं, काय झालं? तं नुसते बैलाच्या शेपट्या पिळत राह्यले."

म्हणजे पंचांसमोर त्यांनी मला हाक मारली तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मी तेच उत्तर देणार हेही त्यांना ठाऊक असणार, कारण मी कोणाची पोरगी आहे ते त्यांना माहीत होतं. स्टँडवर विचारलं तेव्हाही ठाऊक होतं. दिवाळीला मी शेवट गोड करून सांगत होते आणि ते ऐकून घेत होते. मला मेलं एवढंही कळलं नाही! मी विहिरीच्या कठड्यावर बसले आणि म्हाताऱ्या भावासमोर लहान पोरीसारखी हमसून हमसून रडले. तो बिचारा पाठीवर हात फिरवत "चूप व बाई, चूप" म्हणत राहिला.

भाच्यांनो, तुम्ही विचारता, आत्या, आता तुझं घर कोणतं, पुणं की लोणार? लोणारच्या घराला आता स्लॅब पडला, झोपडीची जागा दाखवायलाही उरली नाही. पुण्याचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण मला तिथे अजून पाहुणीसारखं वाटतं. मला विचाराल तर माझं घर म्हणजे सुलतानपूरहून लोणारला येणारा तो रस्ता. त्या रस्त्यावर एक माणूस रिकाम्या गाडीत गप्प बसून आला, आणि घरी पोचेपर्यंत त्याने ठरवलं होतं की आपली पोरगी मरू द्यायची नाही.