नव्या सिरीजचे स्पीकर आणि माझे कान

गेल्या हिवाळ्यातले दोन महिने मी घरात नीट बसलोच नाही. खुर्चीत बसायचो, गाणं लावायचो, अर्ध्यातच उठायचो, डावा स्पीकर बोटभर पुढे ओढायचो, परत बसायचो. मग उजवा. फरशीवर खडूच्या इतक्या खुणा झाल्या की कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा विचारलंच, "सायेब, हितं भिंत घालायची हाय काय?"

स्पीकर माझे जुने. वारणानगरकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो तेव्हा पुण्याहून आणलेले, मित्राच्या जीपमधून, दोन वाकळांमध्ये गुंडाळून. त्याच कंपनीची आता नवी सिरीज आली होती. दिसायला तीच पेटी, आत म्हणे सगळं बदललेलं. मी मोबाईलवर त्याबद्दल वाचत बसायचो. कुणाला जुन्यात गोडवा दिसायचा, कुणाला नव्यात बारकावे. ह्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत काय, असं मनात म्हणेपर्यंत माझा चहा गार झालेला असायचा. रोज सकाळी ठरवायचो, घ्यायचेच. दुपारी ठरवायचो, कशाला. संध्याकाळी पुन्हा खुर्ची आणि खडू.

खरं दुखणं सिरीजचं नव्हतंच. तीन वर्षांपासून गाणं माझ्यापासून लांब गेलं होतं. पूर्वी गाणाऱ्या बाई दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, टीव्हीच्या कपाटापुढे येऊन बसायच्या. डोळे मिटले की त्या मान कुठे वळवतात तेही कळायचं. आता त्यांचा आवाज ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरायचा आणि मध्ये कुणीच नसायचं. स्पीकर म्हातारे झाले असतील तर बदलता येतील. पण माझे कानच गेले असतील तर? साठी उलटली होती. ह्या एका प्रश्नानं माझा जीव खालीवर होत होता.

आणि दुसरी गोष्ट मी कुणाला बोललो नव्हतो. संध्याकाळी सहा ते सात बायकोही शेजारी बसायची, भाजी निवडत. दोघंही बोलायचो नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत आमचा सगळ्यात चांगला तास तोच. तीन वर्षांपूर्वी एकदा ती म्हणाली, "अलीकडं डोकं दाबल्यागत हुतंय ह्यानं." मी म्हणालो, "त्याला कान तयार असावा लागतो." ती उठली ती उठलीच. तिला गाण्याचा कंटाळा आला असेल, नाहीतर माझा, असं मी धरून चाललो. विचारायला तोंड उघडलं नाही. नवे स्पीकर आले की आवाज पुन्हा मध्ये येईल, तो ऐकून ती आपोआप येऊन बसेल, असा माझा मनातला हिशोब होता.

राजारामपुरीतला दुकानदार जुन्या ओळखीचा. तो म्हणाला, "पावणं, लई इचार करू नका. चार दिस घरात ठेवा, ऐका, मग बोला." स्वतः टेम्पोत घालून नवी जोडी घेऊन आला. वायरी लावायला वाकला तसा मी त्याला अडवलं. माझ्या स्पीकरच्या वायरींना दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. जुन्याच वायरी मी नव्याला लावल्या, तो गेल्यावर दार लावून घेतलं, आणि बाईंची रेकॉर्ड लावली.

झांज लख्ख वाजली. तबल्याची बोटं मोजता येतील इतकी स्पष्ट. पण बाई मध्ये नव्हत्याच.

म्हणजे कानच गेले. तीन दिवस मी ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. मनगटावरचं घड्याळ काढून आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला लावून बघायचो. बायको स्वयंपाकघरातून बघायची. जेवण जाईना.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानदार आला. खुर्चीत बसला, अर्धा मिनिट ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि मोबाईलचा टॉर्च लावून डाव्या स्पीकरच्या मागे शिरला.

"पावणं, ही वायर उलटी हाय की."

"शक्य नाही," मी म्हणालो. "लाल ती लाल बघून लावलीय."

वायरीच्या जोडीत एकीवर बारीक लाल रेघ असते, ती स्पीकरच्या लाल बाजूला लागते. एका स्पीकरची उलटी लागली की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि मधला आवाज नाहीसा होतो. कुणाकुणाचं डोकंही जड होतं. हे मी स्वतः चारचौघांना शिकवलेलं. दुकानदारानं अंगठ्यानं वायर चोळली. अंगठा लाल झाला. त्यानं वास घेतला.

"कुंकू हाय ह्ये."

बायको दारात येऊन उभी होती. म्हणाली, "खंडेनवमीचं. पुढच्या पडद्याला हात लावायचा न्हाय म्हटलासा की तुम्ही. म्हणून मागं लावलं."

खंडेनवमीला आमच्या घरात गाडी, शिलाई मशीन, मिक्सर, सगळ्याची पूजा होते. स्पीकरचीही व्हावी ही हौस माझीच, आणि पडद्याजवळ फिरकू नको हा दमही माझाच. तिनं ओलं कुंकू मागे वायरीवर लावलं, ते डावीकडे नेमकं बिनरेघेच्या वायरीला लागलं. पुढे दिवाळीच्या रंगकामाला मी वायरी सोडल्या आणि परत लावताना लाल बघून लावल्या. कुंकू तिनं लावलं, पण चष्मा न लावता वायर मी जोडली. तीन वर्षं तसंच ऐकलं, आणि वर तिच्या कानाला नावं ठेवली.

दुकानदारानं वायर सरळ केली. बाई मध्ये आल्या. मग मी हट्टानं जुनी जोडी लावून बघितली. त्यातही बाई मध्येच. माझे डोळे भरून आले. दुकानदार म्हणाला, "जुनं झ्याक हाय. माझं दुकान चालावं म्हणून घ्या हवं तर." आणि स्वतःच नवी जोडी टेम्पोत चढवायला लागला.

सहा वाजत आले होते. मी बायकोला म्हणालो, "आता डोकं जड होणार नाही. बस की."

ती बुटाची नाडी बांधत होती. "न्हाय ओ. बायका थांबल्यात कोपऱ्यावर. रंकाळ्याला फिरायला जायचंय."

"रोज जातेस?"

"दोन वर्षं झाली की."

दोन वर्षं. मला वाटायचं ती भाजी आणायला जाते.

"मग सांगितलं का नाहीस, की त्या आवाजाचंच काहीतरी बिघडलंय?"

"सांगितलं हुतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "वरीसभर वाट बघितली, परत इचारताय काय म्हणून. मग मैत्रिणी केल्या."

गाणं चालूच होतं. मी म्हणालो, "मी येऊ?"

"या की. पर आम्ही बायका-बायका असतो. तुम्ही जरा मागनं चाला."

गाणं बंद करून मी चपला घातल्या. रंकाळा तळ्याच्या कडेनं त्या पाचजणी पुढे, आणि वीसेक पावलं मागे मी. त्या कशावर तरी जोरात हसत होत्या, सगळ्यांत मोठ्यानं माझी बायको. कशावर, ते मला ऐकू येत नव्हतं.