लालीचं घमेलं

किरनापुरजवळच्या एका खेड्यात यंदाच्या पोळ्याला पुनारामचे बैल असे चमकले, की लोक अंगावरून हात फिरवून पाहू लागले. काय चारतोस, असं जो तो विचारी. पुनाराम मिशीतल्या मिशीत हसे. साठी उलटली होती, पण त्या दिवशी स्वारी काही जमिनीवर नव्हती.

घरात मात्र गीताबाईचं, त्याच्या बायकोचं, तोंड उतरलेलं होतं. तिची लाली गाय दोन दिवसांची असताना तिची माय मेली. गीताबाईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तीच लाली वर्षभरात दोनदा दगडीने आजारी पडली. कास टणक व्हायची, दुधात गाठी यायच्या, हात लावला की लाथ बसायची. आता तिसऱ्यांदा झालं तर तिला बाजारात न्यायची, असं पुनारामने सांगून टाकलं होतं. सांगताना त्याचा जीव तुटत होता, पण तिचे हाल त्याला बघवत नव्हते.

तसा तो हयगय करणारा नव्हता. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर श्रुतिकाने उन्हाळ्यातच समजावलं होतं: धानाच्या तणसाने गाईचं पोट भरतं, पण तांबं, जस्त, सेलेनियम अशी खनिजं कणभर का होईना लागतातच. ती कमी पडली की रोगाशी झुंजायची अंगातली ताकदही कमी पडते. म्हणून खनिजांची पावडर रोज ढेपीत, म्हणजे पेंडीत, मिसळून द्यायची. पुनाराम ती चमच्याने मोजून घाली, हाताने कालवी. एक दिवस चुकला नाही.

आणि पोळ्यानंतर आठव्या दिवशी लालीची कास पुन्हा सुजली.

डॉक्टर आली. इंजेक्शन देऊन झाल्यावर तिने लालीच्या राठ, विटक्या केसांवरून हात फिरवला आणि शेजारच्या बैलांकडे बघत राहिली. पावडर कशी देता ते दाखवा, म्हणाली. पुनारामने ऐटीत घमेलं कालवलं आणि सवयीने बैलांपुढे ठेवलं. बैलांनी फडशा पाडला. मग तळाला उरलेला चोथा लालीपुढे सरकला.

"काका, बैलाईले पहिले काहून?"

"कामाचं जनावर पहिले खाते, बाई. आमच्या बापानं लावलेली रीत आहे."

"मंग पावडर बैलाईनंच खाल्ली ना. लालीले काय भेटलं?"

पुनारामला कुठे तोंड लपवावं कळेना. तीन महिने त्याने मनापासून बैलांचीच बडदास्त ठेवली होती, आणि पोळ्याला त्याचीच शेखी मिरवली होती. डॉक्टर हसली नाही, हे तिचे उपकार. ती एवढंच म्हणाली, की पावडर म्हणजे जादू नव्हे, गोठाही कोरडा ठेवा. पण लाली गाभण आहे, विण्याआधी तिच्या पोटात जाऊ द्या, अजून वेळ गेलेली नाही. बाजाराची गोष्ट तेव्हा लांबणीवर पडली.

पुनारामने लालीसाठी वेगळं घमेलं आणलं. ते आधी तिच्यापुढे जाई, आणि बैल मान ताणून बघत राहत. पहिले काही दिवस त्यालाच चोरट्यासारखं वाटे.

दिवाळीआधी लाली आटवली, तिचं दूध काढणं थांबवलं. मार्गशीर्षात ती व्याली. चीक संपून दूध सुरू झालं, त्या सकाळी पुनारामने तव्याच्या काळ्या पाठीवर एकेका सडाची धार घेतली. काळ्यावर बारीक गाठही लपत नाही. तीन सड झाले. चौथा तोच, दरवेळी सुजणारा. धार पडली, पांढरी, स्वच्छ. कास मऊ होती आणि लाली निवांत रवंथ करत होती.

पुनारामने तवा खाली ठेवला. डोळे भरून आले ते त्याने पुसलेही नाहीत. आता लाली कुठेही जाणार नव्हती.

गीताबाई दाराशी उभी होती. तीही रडत होती आणि हसतही होती.

"गाईचं तं समजलं तुमाले," ती म्हणाली. "मीबी तं सगळ्याईचं झाल्यावरच जेवतो."

ती थट्टेत बोलली होती. पुनारामने मात्र ते मनावर घेतलं.

त्या दुपारी तो पाटावर बसलाच नाही. चुलीपाशी जाऊन त्याने आधी गीताबाईचं ताट वाढलं, आणि वाढताना वरण तळापासून ढवळून घेतलं.