काडाच्या घराचा पाया

व्हरमाँटला त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं, पण अंगाला लागत नव्हतं. वारा नाही, पान हलत नाही. पायाखालची माती मात्र बारीक कुरकुरत होती, पापड मोडावा तशी. वाकून बघितलं, तर सुईएवढ्या बर्फाच्या काड्यांनी माती वर उचलून धरलेली. जन्मभर गवंडीकाम केलं, पण जमीन उचललेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली!

तेव्हापासून किस्से जमायला लागले. विटा रचाव्या लागतात, किस्से आपले आपणच रचले जातात. माझा मुलगा नितीन, त्याच्या पार्सिपनीच्या, म्हणजे आधीच्या गावच्या, मित्रांकडे गेलो की "काका, व्हरमाँटचं सांगा" सुरू होतं. मग सांगतो.

*

नितीनने व्हरमाँटच्या डोंगरात जागा घेतली आणि म्हणाला, "बाबा, काडाच्या गठ्ठ्यांचं घर बांधायचं." मला वाटलं, गोठा बांधतोय! पण नाही. गव्हाच्या काडाचे दाबलेले गठ्ठे विटांसारखे रचायचे, दोन्हीकडून चुन्याचा गिलावा करायचा. थंडीत ऊब राहते म्हणे.

मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे काड गुरं खातात."

सून वैशाली म्हणाली, "इथे आपण त्यात राहणार बाबा!"

काडाला भीती एकच, पाण्याची. पाया बोटभर हलला की गिलाव्याला तडा, तड्यातून पाणी, आणि भिंत आतून कुजली तरी बाहेरून कळत नाही. इंजिनियरने तीन तऱ्हेचे पाये काढून दिले होते. नितीनने ते कागद माझ्यापुढे सरकवले. "तुम्ही सांगाल तो." मला वाचता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. पार्सिपनीचं राहतं घर त्याने विकून टाकलं होतं. मी चुकलो असतो, तर पोरांना डोक्यावर छप्पर नव्हतं.

*

पहिल्या थंडीआधी आखणी केली. चार कोपऱ्यांना चार लाकडी खुंट्या, मोठ्या हातोड्याने हातभर आत ठोकल्या. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर गेलो, तर चारही वीतभर वर! दोन तर कलंडलेल्या.

नितीन चिडला. "कोणी उपटल्या यार?"

शेजारी अर्ल कुंपणाशी उभा होता. ऐंशी ओलांडलेला, गायी राखणारा, फार न बोलणारा. तो काय बोलतो ते वैशाली मला मराठीत सांगते.

"कोणी नाही," तो म्हणाला. "जमिनीने."

आणि गायींकडे निघून गेला!

*

त्या आखणीच्याच दिवशी मी ईशान्य कोपऱ्यात पूजा केली होती. तांब्याचा छोटा कलश, आत सुपारी, हळकुंड, वर चपटा दगड. गावाकडे गुडघाभर खोल ठेवतो. इथली माती कडक, माझे खांदे भरून आलेले. वीतभर खणलं आणि झालं म्हटलं. चूक माझीच.

एप्रिलमध्ये कलश मातीवर उभा होता. सरळ. दगड बाजूला, आत काठोकाठ पाणी.

वैशाली दोन पावलं मागे सरली. "बाबा, जमिनीने घेतलं नाही."

मी म्हटलं, "घेतलं होतं गं. आता परत दिलं."

तिला बरं वाटावं म्हणून बोललो. मग मलाच बरं वाटेना!

*

एडिसन गावचा मिलिंद, नितीनचा मित्र, लॅपटॉप घेऊन आला. "काका, सिंपल आहे! उथळ स्लॅब टाकायचा, खाली आणि कडेने जाड थर्मोकोलच्या शीट. थंडी आत शिरतच नाही."

"अरे, थर्मोकोलवर मी आजवर फक्त गणपती बसवलेत!"

सगळे हसले, मिलिंदसुद्धा. म्हणाला, "मग काँक्रीटचे खांब. त्यांच्यावर घर उभं करू."

कुंपणाशी उभ्या अर्लने स्वतःच्या खांबांवरच्या शेडकडे बोट दाखवलं. तिचं दार म्हणे दर जानेवारीत आपोआप उघडतं, मे महिन्यात आपोआप लागतं. जमीन खांब हलवते, बाकी काही नाही.

मिलिंद म्हणाला, "मग कुलूप का लावत नाही?"

अर्ल म्हणाला, "लावलंय."

मिलिंदने लॅपटॉप मिटला!

*

मी अर्लला विचारलं, थंडी किती खोल जाते? त्याने हात छातीशी धरला. म्हटलं, ठरलं. पाच फूट चर, तळाला पाणी वाहून नेणारा पाइप, वर डबर दगड, त्यावर काँक्रीटचं उंच जोतं आणि जोत्यावर गठ्ठे. पाणी थांबलंच नाही तर बर्फ उचलणार काय? आणि पाच फुटांखाली काही हलत नाही, या एका गोष्टीवर मी मुलाचं घर ठेवलं.

*

ऑगस्टमध्ये जेसीबी लावला. तीन बाजू खणून झाल्या. उत्तरेला पाच फुटांवर खडखड आवाज आला. मी शिडीवरून खाली उतरलो, माती झाडली.

घडवलेले सपाट दगड, एका ओळीत, एकमेकांना चिकटून. नऊ. पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये! नवांतल्या एकातही केसाचा फरक नाही. एवढं नेमकं काम माझ्याच्याने झालं नसतं.

नवव्याच्या पुढे एक पोकळी होती. दगडाएवढीच, चौकोनी. वरची माती घट्ट, कुणी उकरल्याची खूण नाही, तरी पोकळी ढासळलेली नाही. हात घातला आणि लगेच काढून घेतला.

नितीनने अर्लला बोलावून आणलं. "इथे आधी घर होतं का?"

"कधीच नव्हतं," अर्ल म्हणाला. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

मी खालूनच म्हटलं, "वैशाली, त्याला विचार. इतकी वर्षं जे हललं नाही त्याच्यावर आमची भिंत ठेवली तर चालेल का?"

तिने विचारलं. अर्ल चराच्या काठाशी गुडघ्यावर बसला. बोटाने दगड मोजले. पुन्हा मोजले. मग माझ्याकडे बघून हळू काहीतरी बोलला.

वैशालीने आधी त्या पोकळीकडे बघितलं.

"काय म्हणतो गं?"

"तो म्हणतो, 'ठेवा. पण माझ्या आजोबांनी दहा दगड पुरले होते.'"