कोपऱ्यातले तांदूळ

माझं लिहिताना चुकतं आणि अक्षरही वाकडंतिकडं येतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन धरलं ते सही करण्यापुरतं. बाकी हातात कात्री, सुई नाहीतर कापडावर रेघ ओढायचा खडू. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली म्हणून घेतली. कुणाला दाखवायची नाही. पण जे तोंडाने सांगायला हवं होतं ते मी वेळेवर सांगितलं नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

मी मंचरला गोधड्या शिवते. आमचे मालक कांदा-बटाट्याच्या बाजारात हमाली करतात. माझं माहेर डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या गावात. शिवण आईकडून आली. आई जुन्या लुगड्यांची सलग गोधडी शिवायची. मी इथे आल्यावर शिंप्याकडच्या चिंध्यांची शिवायला लागले. वहीच्या पुठ्ठ्याचा चार बोटांचा चौकोन कापायचा, तो ठेवून तुकडे कातरायचे, चार तुकडे जोडले की एक घर. घरांची ओळ, ओळीला ओळ. असं रंगीत तोंड तयार झालं की खाली जुन्या धोतरा-साड्यांचे थर, आणि मग कडेने आत आत धावदोरा घालत जायचं.

बाजारपेठेत एक कापडाचं दुकान आहे, दुकानावरच त्यांचं राहणं. ते घर मूळचं राजस्थानातलं, जैन, पण चार पिढ्या इथेच, मराठी आमच्याहून चांगलं. तिथल्या सूनबाईंना सगळे भाभी म्हणतात. त्यांनी मला बोलावलं ते त्यांच्या सासूबाईंसाठी. त्यांना मी मोठ्या बाई म्हणायचे. मोठ्या बाईंना दिसायचं कमी झालं होतं, पलंगावरून उठणंही मुश्किलीचं. त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती, तुकड्यांनी भरलेली. लग्नातली ओढणी, मुलांची झबली, नणंदेच्या परकराची किनार. एवढी वर्षं त्यांनी काही टाकलं नव्हतं.

"ह्यांची एक गोधडी कर," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी दिसत नाही तर हातांनी बघीन. थंडी पडायच्या आत दे म्हणजे झालं."

भाभींनी तीन हजार आधीच हातात ठेवले. माझ्या घरावरचा पत्रा बदलायचा होता, तो त्यातून बदलला.

आठ-दहा दिवस मी त्यांच्या पलंगाशी बसून तुकडे लावले. एकेक तुकडा त्या चिमटीत धरून सांगायच्या. "हा खरखरीत म्हणजे थोरल्याच्या शाळेचा सदरा. फार मार खाल्लाय ह्या सदऱ्याने." मी मान हलवायचे आणि त्यांना दिसत नाही हे मागाहून लक्षात यायचं. त्या हसून म्हणायच्या, "मान हलवलीस ना? बांगडी वाजली."

एक पिवळा तुकडा होता, हळदीच्या रंगाचा, मऊ. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. त्यांना एक मुलगी झाली होती, चार महिने होती फक्त. तिच्या झबल्याचा तो तुकडा. "हा वरच्या कोपऱ्यात लाव. उजव्या हाताला. पांघरलं की हात तिथेच जातो माझा." मी त्या पिवळ्या घराला जाड दोऱ्याचा दुपदरी टाका घातला, बोटांना कळावा असा. सबंध गोधडीत तेवढंच काम मी मनासारखं केलं असं आजही वाटतं.

आता चूक सांगते. आमच्याकडे गोधडी उपाशी देत नाहीत. शेवटचा कोपरा शिवून बंद करायच्या आधी आत चार दाणे तांदळाचे घालायचे, मग ज्याच्या अंगावर ती जाईल त्याच्या घरी धान्य कमी पडत नाही, असं आई म्हणायची. चार दाणे. मोठ्या बाईंवर माझा जीव जडला होता. मी चारही कोपऱ्यांत मूठ मूठ घातले, माहेरून आलेले घरच्या भाताचे, कांडून ठेवलेले. मालक बघत होते.

"अगं, गोधडी शिवतीस का पोतं भरतीस?"

"लई माया केली त्यांनी माझ्यावर."

"मग वाटीभर नेऊन दे की हातात. आत कशाला कोंबतीस?"

मी ऐकलं नाही.

गोधडी नेऊन दिली तो चैत्र असेल. घरात पाव्हण्या बसल्या होत्या, पुण्याकडच्या, चांगल्या साड्यांतल्या. सगळ्यांनी गोधडी उलगडून बघितली, फोटो काढले. मी दाराशी उभी. मोठ्या बाईंचा हात बरोबर पिवळ्या घरावर गेला. मग बोटं सरकत कोपऱ्यात गेली.

"इथे आत काय गं लागतंय? खडे आहेत का?"

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. तांदूळ आहेत, आमची रीत आहे. त्या पाव्हण्यांसमोर मला ते गावंढळ वाटलं. हसतील, असं वाटलं. मी म्हणाले, "शिवण जाड आलीय तिथं." मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं," आणि हात काढून घेतला. नंतर एकट्या भेटल्या असत्या तर सांगितलं असतं, असं मी मनाशी म्हणत राहिले. दुकानावरून पुढे महिन्यातून चारदा तरी जायचे. वर गेले नाही.

उन्हाळ्यात गोधडी कपाटात होती. पाऊस लागला, हवा दमट झाली, तसा मोठ्या बाईंना गारठा जाणवायला लागला. गोधडी काढली आणि भाभींचा मला फोन आला. आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटली.

जाऊन बघते तर तांदळाला लागतात ते काळे टोके, चारही कोपऱ्यांतून निघून थराथरांत शिरलेले. पिवळ्या घरावरही दोन-तीन चालत होते.

"आत धान्य आहे?" भाभी म्हणाल्या. "अगं, आम्ही पीठसुद्धा तीनदा चाळून घेतो, आणि तू अंथरुणात धान्य घातलंस? एकदा विचारायचं तरी!"

मी कशीबशी म्हणाले, "आमच्यात घालत्यात. माझं चुकलं. द्या, उन्हात टाकते, झोडपून आणते. न्हाईतर गरम पाण्यात..."

"नको," पलंगावरून मोठ्या बाई म्हणाल्या. "गरम पाणी नको. ऊनही नको. मरतील ते."

मला ते तोवर ठाऊकच नव्हतं असं नाही. इतके दिवस त्या घरात बसले होते. दिवेलागणीआधी त्यांची जेवणं उरकतात, पाणी गाळून पितात, हे बघत होते. त्यात त्यांचा चौमासा चालू झालेला. त्या चार महिन्यांत ते पायाखालीसुद्धा जपून बघतात. सगळं माहीत असून कोपऱ्यात मूठ घालताना माझ्या डोक्यात फक्त माझ्या आईची रीत होती.

आम्ही दोघींनी कोपरे उसवले. तांदूळ कागदावर काढून परसात सावलीला ठेवले. थरांतले टोके काही निघेनात. मोठ्या बाईंनी गोधडी मागच्या गॅलरीत दोरीवर सावलीत टाकायला लावली. त्यांच्या त्यांच्या पायांनी जातील तेव्हा जातील. "काय नशीब बघ," त्या म्हणाल्या, "माझ्या पांघरुणात मी सोडून सगळं गाव झोपलंय." त्या हसल्या म्हणून मी रडले नाही. पण जाताना त्यांनी हात चाचपत माझं मनगट धरलं. "त्या दिवशी मी विचारलं होतं ना गं तुला? तेव्हाच बोलायचं. कोपरा उसवून दाणे काढले असते, तुझा मान राहिला असता आणि माझी गोधडी."

मी म्हणाले, पैसे परत करते. भाभी नको म्हणाल्या, कष्ट झालेत तुझे. मोठ्या बाईच म्हणाल्या, "घे तिच्याकडून, जमेल तसे. नाहीतर ती आपल्या दारावरून मान खाली घालून जाईल."

दर महिन्याला थोडे थोडे नेऊन द्यायचे. गेले की आधी गॅलरीत बघायचे. टोके कमी होत होते. भाद्रपदात दोन-चारच दिसले. मोठ्या बाई विचारायच्या, "गेले का गं सगळे?" मी म्हणायचे, "थोडं ऱ्हायलंत." एकदा वाटलं, खोटं बोलावं, गेले म्हणावं, आणि गोधडी अंगावर घालावी. पण त्या घरात मी एकदा खोटं बोलले होते.

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा मोठ्या बाई गेल्या. थंडी अजून पडायची होती. शेवटच्या दिवसांत अंगावर दुकानातलं ब्लँकेट होतं. उजवा हात काठाशी सारखा काहीतरी शोधत होता, असं भाभींनी सांगितलं. मला बोल लावायला नाही, सहज सांगितलं. पण मला त्यानंतर त्याच हाताची आठवण येते.

मी अजून गोधड्या शिवते. कोपरा बंद करायच्या आधी आता गिऱ्हाइकाला विचारते, "चार दाणे घालू का? आमची रीत हाय." काही हसतात. काही म्हणतात घाला. हसले तरी मला काही होत नाही, आणि एवढ्यासाठीच मी गप्प बसले होते याचा राग येतो.

परवा उरलेले पाचशे घेऊन गेले. भाभींनी न मोजता गल्ल्यात टाकले, वर नेऊन चहा दिला. गोधडी घडी करून मोठ्या बाईंच्या पलंगावर ठेवलेली होती, स्वच्छ. कोपरे मात्र आम्ही उसवले तसेच उघडे. मी पिशवीतून सुई-दोरा काढला. भाभींनी खिडकी उघडून उजेड केला. तीन कोपरे शिवले. चौथा पिवळ्या घराजवळचा. आत बोट घालून बघितलं, एकही दाणा नव्हता. तसाच शिवून टाकला.

निघताना भाभी म्हणाल्या, "झाले हं तुझे सगळे पैसे. आता काही राहिलं नाही."

मी हो म्हणाले आणि जिना उतरले. तीन हजार फिटले.