आईच्या धवल्याचे चाळीस सेकंद

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दर शनिवारी एकच प्रश्न पडतो: सध्या काय ऐकताय? अंबरनाथच्या एमआयडीसीतली आम्ही बारा-तेरा माणसं आठवडाभर एकमेकांना स्टॉक आणि डिस्पॅचशिवाय काही विचारत नाही, पण शनिवारी सगळ्यांच्या अंगात रसिकता येते. त्यातला सगळ्यात मोठा रसिक मी. कोणी नाचाचं गाणं टाकलं की त्याच्या खाली मी तासाभराचा एखादा आलाप टाकायचो आणि लिहायचो, 'डोळे मिटून ऐका.' मी स्वतः त्यातला एकही पाच मिनिटांपुढे ऐकलेला नाही. डोळे मिटले की मला सरळ झोप लागते.

पण नाव झालं होतं ना! नव्या मुलीसुद्धा 'सर, काही छान सजेस्ट करा' म्हणायच्या. मग मी इंटरनेटवर शोधून, कोणी तरी कुठे तरी ग्रेट म्हटलेलं काही तरी सजेस्ट करायचो. एकदा कोणी तरी लिहिलं, लोकसंगीतातलं काही असेल तर टाका. आणि तिथे मी माती खाल्ली.

आधी घरचं सांगतो. मी बदलापूरला फ्लॅटमध्ये राहतो. गाव तिथून रिक्षानं वीस मिनिटं. गावात आई, दादाची बायको म्हणजे वहिनी, आणि दादाची मुलगी. आई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण एक ओळ म्हणते, बाकीच्या बाया ती उचलून परत म्हणतात, मगच धवलारीण पुढची ओळ घेते. धवला झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, मग भटजीचा मुहूर्त बसला बोंबलत. पंचक्रोशीत आईशिवाय हळद व्हायची नाही. ऑफिसात मात्र मी हे कधीच बोललो नव्हतो. कोणी विचारलंच तर, 'आई? घरीच असते.'

तर माझ्याकडे फोनमध्ये आईच्या हळदीच्या धवल्याचं एक रेकॉर्डिंग पडलेलं होतं, सहा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या लग्नात केलेलं. मी त्यातले पहिले चाळीस सेकंद कापले. आईचा खोकला काढला, कोंबडीचा आवाज काढला, मागे बाया हसत होत्या ते काढलं, आणि ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'दुर्मिळ ध्वनिमुद्रण. लोप पावत चाललेली परंपरा.' ती लोप पावत चाललेली परंपरा त्या वेळी गावात ओटीवर बसून बोंबील साफ करत होती. खाली बदामांचा पाऊस पडला. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, 'कुठे मिळालं हो?' मी लिहिलं, 'संग्रहात होतं.' लाज वाटायला हवी होती, पण माझी छाती फुगली. चाळीस सेकंदांच्या पुढचं रेकॉर्डिंग मी तेव्हाही ऐकलं नाही. कशाला ऐकू? माझं काम झालं होतं.

दादा तीन वर्षांपूर्वी गेला. रात्रपाळी करून आला, चहा मागितला आणि गेला. त्यानंतर आई गायली नाही. लग्नाची आवतणं यायची, आई म्हणायची, "मना घसा नाय." मी तिला उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं नळी घालून बघितलं आणि म्हणाला, "इनका गला तो तुमसे अच्छा है." शहाण्या माणसाला एवढ्यावर समजलं असतं. मी तिच्यासाठी गोळ्या विकत घेतल्या आणि वर तिला गरम पाण्याच्या गुळण्यांवर भाषण दिलं.

या मार्चमध्ये दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीला गाणार कोण? आई म्हणाली, घसा नाही. वहिनी म्हणाली, मग शेजारच्या गावातली बाई बोलवू. तर आई उसळलीच. "माझे नातीला दुसरी कोन येऊन हलद लावल?" म्हणजे स्वतः गायचं नाही आणि दुसरीला गाऊ द्यायचं नाही. वहिनी रडकुंडीला आली. पोरगी तोंड पाडून बसली. तिचं एवढंच म्हणणं होतं की बापाविना लग्न लागतंय, निदान आजीच्या धवल्याविना नको. तेव्हा सगळ्यांनी घरातल्या संगीततज्ज्ञाकडे पाहिलं.

आणि तज्ज्ञाकडे उपाय तयार होता. रेकॉर्डिंग! आवाज आईचाच, घर तेच, वडीलधारी तीच. धवल्यात घरच्यांची नावं घेतात हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून बहिणीचं नाव आलेली ओळ मी मुद्दाम शोधून काढली आणि उडवली. सुरुवातीलाच होती ती. सांधा कळूही दिला नाही. स्वतःच्या पाठीवर थाप मारायला हात पोचत नव्हता एवढंच. पुढचं काही ऐकलं नाही. आईला सांगितलं तर ती इतकंच बोलली, "कर तुला काय करायचा ता."

कॅम्प दोनमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून भाड्यानं स्पीकर आणि माईक आणले. तो म्हणाला, "साईं, ऐसा बजेगा, लगेगा सामने बैठके गा रहे हैं." मी त्याला बेस कमी, ट्रेबल जास्त असं बरंच शिकवलं. तो बिचारा मान डोलवत होता.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला पोरीला पाटावर बसवलं. बाया गोल करून बसल्या, आई त्यांच्यात मागे, भिंतीला टेकून. मी फोन जोडला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. आईचा सहा वर्षांपूर्वीचा आवाज मांडवभर घुमला. बाया चपापल्या, मग हळूहळू ओळी उचलायला लागल्या. वहिनीनं हळदीची वाटी उचलली. मी हाताची घडी घालून उभा होतो, कार्यक्रमाचा निवेदक असल्यासारखा.

मग हळद कोणाकोणाच्या हातची लागणार ती नावं सुरू झाली. आजीच्या हातची, काकांच्या हातची, मामीच्या हातची. आणि त्यामागून आईनं दादाचं नाव घेतलं. खणखणीत. ये रे, पुढे ये, तुझ्या हातची हळद लाव.

ओळ उचलायला कोणी तोंड उघडलं नाही. वहिनीच्या हातातली वाटी पाटावर टेकली. स्पीकरला काय, तो पुढे वाजतच राहिला, आणि धवल्यात हळद लावणाऱ्याचं नाव दोनदा घेतात, म्हणून त्यानं दादाला पुन्हा बोलावलं. मी फोनकडे झेपावलो. घाईत बंद करायला गेलो तर आवाज वाढला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"ऱ्हाव दे," आई म्हणाली. "वाजू दे त्याला."

गाणं शेवटपर्यंत वाजलं. आई डोळे मिटून ऐकत होती. तिला झोप येत नव्हती. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं की घशाला काहीच झालेलं नव्हतं. हळदीच्या आधी पितरांना मांडवात बोलावण्याचा धवला असतो. त्यात घरातल्या गेलेल्या माणसांची नावं येतात. आजोबांचं, माझ्या बाबांचं नाव आई त्यात वर्षानुवर्षं घेत आली होती. पण ती गायली असती तर या वेळी तिला पोटच्या पोराचं नाव त्या ओळीत घालावं लागलं असतं. दुसरीनं घातलेलं तिला ऐकवलं नसतं. परक्या मांडवातही पितरांना हाक मारताना तिच्या तोंडावर त्याचंच नाव आलं असतं. म्हणून घसा नव्हता. मी मात्र तीन वर्षं तिला गुळण्या करायला सांगत होतो.

आई उठली. पोरीच्या समोर येऊन बसली आणि वहिनीला म्हणाली, "वाटी ठेव. पितरांना आवतन ऱ्हायलाय."

मी माईक पुढे केला, तिनं तो हातानं बाजूला सारला. तिनं सुरुवात केली. आवाज आधी फाटला, मग लागला. पणजोबा, आजोबा, थोरली आजी. बाया ओळी उचलत होत्या. बाबांचं नाव आलं, तेही उचललं. मग आई थांबली. पोरीच्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला आणि दादाचं नाव घेतलं, बाबांच्या शेजारी.

बायांना उचलवेना. सगळ्यांनी तोंडाला पदर लावलेले. आणि ओळ उचलल्याशिवाय आईला पुढे जाता येत नाही, ती तशीच बसलेली, तोंड अर्धं उघडं. आमच्यात पुरुष धवला म्हणत नाहीत. मी म्हटला. सूर कुठे होता देव जाणे, पण दादाला नावानं बोलावलं, बाबांच्या शेजारी बस म्हणून सांगितलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पुढची ओळ घेतली.